‘इतर’ या शीर्षकाखाली मामा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आधी वस्तुस्थिती, आणि तीही क्रमाने.

एक : माझी धाकटी बहीण क्षमा हिचा विवाह रविवार, २ मार्च रोजी निपाणी येथे, कोगनोळीच्या चि. स्वरूप यांच्याशी ठरला आहे. दोन : छापील पत्रिका घेऊन घरोघर हिंडणे हा वेळेचा आणि इंधनाचा अपव्यय आहे. तीन : संकेतस्थळांवरील माहितीची रचना या विषयात मी विद्यावाचस्पती ही पदवी मिळवली असून बेळगावात या विषयाचा दुसरा पदवीधर माझ्या पाहण्यात नाही. चार : सबब या विवाहाचे निमंत्रण, कार्यक्रम, ठिकाण आणि पाहुण्यांचे होकार-नकार हे सर्व एका संकेतस्थळावरून होईल, आणि ते संकेतस्थळ मी रचीन. पाच : आईने यास पुढील शब्दांत मान्यता दिली. “कर बाबा तुला काय करायचं ते. पण पत्रिका बी छापायच्या.” वाक्याचा उत्तरार्ध मी ग्राह्य धरलेला नाही.

रात्री जेवताना (म्हणजे सूर्यास्तापूर्वी, आमचे घर जैन आहे आणि ‘रात्री’ हा शब्द आमच्याकडे सहा वाजता संपतो) मी आप्पांना या शास्त्राचे मर्म समजावले. किराणा दुकानात गिऱ्हाइकाला साखर कुठे आहे हे विचारावे लागता कामा नये. फळीवर पाटी हवी, पाटी वाचता यावी, आणि ती साखरेच्याच डब्यावर हवी.

“वाणी असतोय की तिथं,” आप्पा म्हणाले. “इचारलं की देतोय.”

आप्पा बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडून यापेक्षा अधिक अपेक्षा नव्हती.

मुख्य शीर्षके सात राहतील. सातांहून अधिक पर्याय समोर आले की वाचक गोंधळतो, असा माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष आहे आणि त्यापासून मी आजवर ढळलेलो नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज चिठ्ठ्यांची चाचणी घेतली. पद्धत अशी : प्रत्येक माहितीची एक चिठ्ठी करायची, सामान्य वाचकाला त्या चिठ्ठ्यांचे आपल्या मनाप्रमाणे गट पाडायला सांगायचे, आणि त्या गटांवरून शीर्षके ठरवायची. सामान्य वाचक म्हणून आईची निवड केली. ती पावटा सोलत होती. मी तिच्यापुढे नातेवाइकांच्या चिठ्ठ्या मांडल्या आणि कोणतीही सूचना न देता बाजूला बसलो. सूचना दिल्यास निष्कर्ष दूषित होतो.

आईने झरझर तीन ढीग केले.

“हे रुसून बसलेत,” ती म्हणाली. “हे रुसणार हायत. आणि ह्यांना कवा रुसायचं तेच कळत न्हाय.”

तिसऱ्या ढिगात एकच चिठ्ठी होती. ती माझ्या नावाची कशी निघाली, हे मला उमगले नाही. नातेवाइकांचे वर्गीकरण रुसव्यावर करणे अशास्त्रीय आहे, हे मी तिला सौम्य शब्दांत सांगितले आणि निकाल बाद केला.

एक नोंद मात्र उपयोगी पडली. संकेश्वरच्या बाळगोंडामामाची, म्हणजे आईच्या थोरल्या भावाची चिठ्ठी तिने कोणत्याच ढिगात घातली नाही. ती पदराने पुसली, क्षणभर हातात धरली आणि उठून देव्हाऱ्याच्या पायरीवर नेऊन ठेवली.

“ह्याला ह्यांच्यात घालू नको. हा येगळा.”

जी गोष्ट कोणत्याही गटात बसत नाही तिच्यासाठी शास्त्राने एक जागा राखून ठेवलेली आहे. सातवे शीर्षक निश्चित झाले : ‘इतर’.

रविवार, ९ फेब्रुवारी

संकेतस्थळ सकाळी खुले केले. विवाहस्थळ, कार्यक्रम, वधूपक्ष, वरपक्ष, भोजन, प्रवास, इतर. कोणतीही माहिती तिसऱ्या टिचकीच्या आत सापडते. मोबाइलच्या लहान पडद्यावर ही सातही शीर्षके वरच्या डाव्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांमागे घडी घालून ठेवली आहेत. रेघांवर बोट ठेवताच यादी उलगडते. ही खूण आज जगभर रूढ आहे. पडदा हस्तिदंती, रेघा पांढऱ्याशुभ्र, भोवती राखाडी छाया. माझ्या हातून याहून निर्दोष काम झालेले नाही.

दुवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. बहुतेकांनी हात जोडले. काहींनी फुले पाठवली. चिकोडीच्या एका काकांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पाठवली, ती थोड्या वेळाने मागे घेतली.

‘मी येणार’ आणि ‘मी येणार नाही’ अशी दोन बटणे ठेवली आहेत. दिवसभरात दोन्हींवर एकही टिचकी पडली नाही.

“अण्णा,” क्षमा म्हणाली, “लग्नाला येणार न्हाय असं तोंडानं कोण म्हणतंय? आणि येणार म्हणायला त्यांना बोलवायला कोण गेलंय?”

तिचा मुद्दा भावनिक आहे. तरीही प्रयोग म्हणून ‘बघू’ असे तिसरे बटण दिले. पुढच्या तासाभरात बहुतेक सगळ्यांनी ते दाबले. आचाऱ्याने मला फोनवर विचारले, “साहेब, ‘बघू’ला किती लाडू धरायचे?”

मंगळवार, ११ फेब्रुवारी

निपाणीहून धोंडूबाई आत्यांचा फोन. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. त्यांचा आवाज एरवीही मोठा. आज आप्पांनी कानापासून हातभर दूर धरलेला फोन मला खोलीच्या पलीकडे ऐकू येत होता.

“भुजबली! अरं, आमास्नी सांगायचं तरी!”

“काय सांगायचं, आक्का?”

“पाव्हणं लिंगायत हायत म्हणून! आता वेबसाइट उघडून बगितली, तर वरच कोपऱ्यात ह्येऽ विभूतीचं तीन पट्टं वढल्यात. पांढरंफेक. माझं काय म्हणणं न्हाय हं. सोन्यासारखी माणसं असत्यात. आमच्या गल्लीत निम्मी तीच हायत, रोजचं बसणं-उठणं हाय. पर सख्ख्या बहिणीला तुझ्या पोरानं कोपऱ्यात पट्टं वढून कळवावं व्हय रं?”

आप्पांनी फोन माझ्या हाती दिला. मी आत्यांना सांगितले की त्या रेघा म्हणजे दुमडलेली यादी आहे.

“कसली यादी?”

“शीर्षकांची.”

“मग तसं लिव्ह की. यादीला विभूती कशाला लावलीयास?”

जगभर रूढ असलेली खूण निपाणीत रूढ नाही, एवढाच निष्कर्ष यातून निघतो. दोष खुणेचा नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आत्यांना समजले, परंतु समजण्यापूर्वी त्यांनी ज्यांना ज्यांना फोन केला होता, त्यांना न समजल्याचेच फोन पोहोचले आहेत. सकाळी संकेश्वराहून बाळगोंडामामाचा फोन आला. आईने आवाज मोठा करून तो ओट्यावर ठेवला, कारण तिचे हात पिठात होते.

“बाई, पोरगीचं लगीन कुठल्या घरात होतंय?”

“कोगनोळीत की रं दादा. तूच तर स्थळ बघून आलतास.”

“मी बघून आलतो ते जैनाचं घर हुतं. आता सगळं गाव मला इचारतंय. पाव्हणं कोण का असनात, माणसं चांगली असली की झालं. पर बदललं तर मामाला सांगायचं का न्हाय? मला रस्त्यात लोकांनी सांगावं?”

आईने खुलासा केला. यादी, रेघा, आत्या. मामा म्हणाले, “थांब, बगतो,” आणि आम्हाला फोनवर तसेच ठेवून त्यांनी संकेतस्थळ उघडले.

मला हर्ष झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणीही न सांगता तीन रेघांवर बोट ठेवणारे मामा हे पहिले वाचक ठरले. ‘वधूपक्ष’ उघडल्याचे त्यांच्या पुटपुटण्यावरून कळले. “आई… वडील… भाऊ, डॉक्टर सन्मती… आत्या…” मग ती यादी संपली. मग ‘इतर’.

त्या पानावर चार नोंदी आहेत आणि त्या मी अकारविल्हे लावल्या आहेत : पादत्राणांची व्यवस्था, मामा, वाहनतळ, हरवलेल्या वस्तू.

“बाई,” मामा म्हणाले. आवाज अगदी शांत होता. “चपलांच्या खाली अन् गाड्यांच्या वर हाय मी. बरं केलं पोरानं. लग्नात चपला राखायला माणूस लागतोयच.”

आणि फोन बंद झाला.

मामाने वधूचा हात धरून तिला बोहल्यावर आणायचे असते. ते आले नाहीत तर काय, असा प्रश्न आप्पांनी विचारला. क्षमा दारात उभी होती.

“मामा आला न्हाय तर मी खोलीतनं बाहेर यायची न्हाय,” ती मला म्हणाली. “मग तूच बस बोहल्यावर. सात शीर्षकं घेऊन.”

शनिवार, १५ फेब्रुवारी

तीन दिवस मामा फोन उचलत नाहीत. मामी उचलतात आणि “ते रानात गेल्यात” एवढेच सांगतात. ऊसतोड सुरू आहे हे खरे, पण मोबाइल रानातही चालतो.

मी तडजोडीचे तीन मार्ग सुचवले. ‘मामा’ हा शब्द ठळक करणे. तो अकारविल्हे क्रमास अपवाद करून पादत्राणांच्या वर घेणे. ‘इतर’ऐवजी ‘विशेष’ असे शीर्षक देणे. मात्र मग पादत्राणेही विशेष ठरतात, हा दोष राहतो.

“आठवं शीर्षक कर,” क्षमा म्हणाली. “मामा. दोन अक्षरं हायत.”

“सातांहून अधिक पर्यायांनी वाचक गोंधळतो.”

“आता लई स्पष्ट हाय का त्याला सगळं?”

येथे एक शंका नोंदवून ठेवतो, कारण दैनंदिनीशी अप्रामाणिक राहण्यात अर्थ नाही. प्रबंधासाठी मी ज्या वाचकांवर चाचण्या घेतल्या, त्यांच्यापैकी कुणालाही मामा नव्हता. म्हणजे, असला तरी तो चाचणीत नव्हता. याचा निष्कर्षावर परिणाम झाला असेल काय? तूर्त नाही असे धरतो.

विभूतीचा घोटाळा मात्र मुळापासून मिटवायचा म्हणून तिन्ही रेघा काढून टाकल्या आणि त्या जागी ‘यादी’ हा शब्द घातला. आता गैरसमजाला वावच उरलेला नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळीच आत्या.

“भुजबली! विभूती पुसली की रं! मोडलं व्हय लगीन?”

आप्पांनी “न्हाय आक्का, न्हाय” असे इतक्या वेळा म्हटले की शेजारचे लोक गॅलरीत आले. खुलासा आत्यांना पटला. परंतु त्यांनी हा निष्कर्षही आमच्याआधी इतरांना कळवलेला होता. अकरा वाजता कोगनोळीहून स्वरूपच्या वडिलांचा फोन आला. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, “आमचं काय चुकलं असंल तर सांगा. लग्नासाठी भरलेला तांदूळ परत करायचा असंल तरी करतो. पर कारण कळू द्या.”

मी त्यांना माहितीरचनेचे तत्त्व समजावले. ते “व्हय, व्हय” म्हणत राहिले. नंतर स्वरूपने स्वतः मला फोन केला.

“सन्मतीअण्णा, बाबा म्हणतायत तुम्ही लई शिकलेलं बोललात, कळलं काय न्हाय. लगीन हाय का न्हाय, एवढंच सांगा.”

“आहे.”

“झालं. हेच वरती मोठ्या अक्षरात लिव्हा.”

मुखपृष्ठावर ‘विवाह आहे’ असे दोन शब्द टाकले आहेत. माझ्या व्यावसायिक जीवनात एवढे अनावश्यक वाक्य मी कधी लिहिले नव्हते. दुपारनंतर फोन थांबले.

संकेश्वराकडून काही नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

विचारान्ती निर्णय घेतला. चूक टेबलामागे बसून सापडत नाही. वाचकाच्या घरी जाऊन, त्याच्या हातात संकेतस्थळ देऊन, तो कुठे अडतो हे पाहावे लागते. मामा कुठे अडले हे पाहायला मी उद्या संकेश्वरास जाणार. हेतू शुद्ध शास्त्रीय आहे. समजूत काढणे, माफी मागणे इत्यादी त्यात नाही.

आईला हे सांगितले. थोड्या वेळाने तिने एक जड कापडी पिशवी आणून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेशेजारी ठेवली.

“मामीच्या हातात दे. वाटंत उघडू नको.”

बुधवार, १९ फेब्रुवारी

संकेश्वर. चाचणीचा अहवाल.

महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकल्याने अपेक्षेपेक्षा उशीर झाला. मामाच्या दारात त्यांचीही ट्रॉली उभी होती. तिच्या मागच्या फळीवर तेलरंगात लिहिले आहे : ‘डॉ. सन्मतीचा मामा’. अक्षरे पिवळ्यावर पांढरी आहेत. दोन रंगांत पुरेसा विरोध नसल्याने दुरून वाचता येत नाहीत. हे मी मामांना आल्या आल्या सांगितले.

“उद्या पुसून टाकतो,” ते म्हणाले. “या, डॉक्टरसाहेब. बसा.”

मामा मला ‘सन्म्या’ म्हणतात. ‘या, बसा’ आज प्रथमच ऐकले. हा आदर अनपेक्षित होता. मी आभार मानले.

मामीने उसाचा रस दिला. मी लॅपटॉप उघडला, मामांच्या समोर स्टुलावर ठेवला आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली. “समजा, आपण या विवाहाचे पाहुणे आहात आणि आपल्याला विवाहस्थळ शोधायचे आहे.”

“मी पाव्हणा हाय व्हय?”

“केवळ समजा.”

“कशाला समजू?” मामा आवाज न चढवता म्हणाले. “मी पाव्हणा न्हाय. मी मामा हाय.”

नोंद : वाचकाने भूमिका स्वीकारली नाही. दुसरे काम दिले : भोजनाची वेळ शोधा. मामांनी पडद्याकडे पाहिलेही नाही. ते अंगणातल्या गड्याला कानडीत काहीतरी ओरडले. तिसरे काम देण्यापूर्वी चार्जरची वायर पुरेना, कारण मध्ये आईची पिशवी आडवी आली होती.

“मामी, ही पिशवी कुठे ठेवू? आईने दिलीय.”

मामीने पिशवी उघडली. आत नारळ, कुंकवाचा करंडा, हळद लावलेल्या अक्षता, एक पांढरी टोपी आणि छापील पत्रिका निघाल्या. छापील! माझ्या अपरोक्ष! वरच्या पत्रिकेवर ‘बोहल्यावर आणणारे मामा’ असे लिहून त्यापुढे बाळगोंडामामांचे पूर्ण नाव, वधूच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापलेले होते. अक्षररचना जुनाट आणि कोपऱ्यात अनावश्यक वेलबुट्टी. परंतु त्याबद्दल बोलण्याची संधी मला मिळाली नाही.

कारण मामी माझ्या डोक्यावर टोपी घालत होत्या. “उठ. हात धू. कुंकू लाव मामाला. अक्षता दे. आता नारळ हातात ठेव. म्हण, लग्नाला यायचं.”

“पण संकेतस्थळावर तसे लिहिले—”

“म्हण रं!”

“लग्नाला यायचं,” मी म्हणालो. मामीने माझी मान खाली दाबली, तेव्हा मी मामांच्या पायांपाशी पोहोचलोच होतो, म्हणून नमस्कारही केला.

चाचणीत येथे अनावश्यक खंड पडला, हे मान्य करतो. मामांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने बराच वेळ पुसला. त्यांच्या अंगणात धूळ फार आहे.

मग एक उल्लेखनीय गोष्ट घडली. चष्मा लावताच मामांनी लॅपटॉप स्वतःहून जवळ ओढला आणि विवाहस्थळ, भोजन, प्रवास ही तिन्ही कामे न अडखळता पूर्ण केली. ‘इतर’ही उघडले.

“सन्म्या, हे चपलांचं लई भारी केलंयास गा,” ते म्हणाले. “मागच्या लग्नात माझी नवी कोल्हापुरी गेली. आरं, हितं बसून दोन घास खाऊन जा. सूर्य हाय अजून.”

कारण उघड आहे : कालच मी त्या पानावरील अक्षरांचे माप दोन बिंदूंनी वाढवले होते. अक्षराच्या आकाराचा वाचकाच्या मनःस्थितीवर एवढा तात्काळ परिणाम होतो, हे मी स्वतः पाहिले नसते तर मानले नसते.

येणार काय, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. मी निघताना स्पष्ट विचारले. मामा नुसते हसले आणि माझ्या गाडीत अर्धी ढेप गूळ टाकला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज आठवे शीर्षक घातले. ‘मामा.’

सिद्धांत अबाधित आहे. ही माघार नव्हे, स्थानिक दुरुस्ती आहे. त्या शीर्षकाखाली काय लिहावे हे मला सुचेना, म्हणून क्षमाला विचारले. तिने माझ्या हातून संगणक घेतला आणि टंकले : ‘मामा येणार. मग लगीन.’

वाक्यात व्याकरणाचा नि प्रमाणभाषेचा दोष आहे. तसेच ‘येणार’ हे विधान अद्याप सिद्ध झालेले नाही. तरीही राहू दिले. का, ते सांगता येणार नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

संकेश्वराहून टेम्पो आला. सोबत कोणतेही पत्र नाही, मालाची यादी नाही. ड्रायव्हरने सामान हॉलमध्ये उतरवले आणि चहा न घेता गेला. सामान पुढीलप्रमाणे आढळले : गुळाच्या ढेपा, नारळांची पोती, एक पिवळी साडी (ही मामाकडून वधूला जाते असे आई म्हणाली आणि ती साडी घेऊन आतल्या खोलीत निघून गेली), एक गादी, एक उशी आणि एक पितळी तांब्या.

“ही गादी कुणाची?” मी विचारले.

“मामाची की,” आप्पा म्हणाले. “दुसऱ्याच्या गादीवर त्याला झोप लागत न्हाय.”

“मग त्यांनी ती इकडे का पाठवली?”

आप्पांनी वर्तमानपत्र उघडले.

क्षमा आज दिवसभर गुणगुणत फिरत होती. तिने खोलीबाहेर न येण्याची धमकी मागे घेतली आहे काय, असे विचारले तर म्हणाली, “अण्णा, तू खरंच पीएचडी हायस न्हवं?” प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्याची सवय तिने सासरी सोडावी.

संकेतस्थळावर मामांच्या नावापुढची उत्तराची चौकट अजून रिकामी आहे. ‘येणार’ही नाही, ‘बघू’ही नाही. दिवसातून अनेकदा मी ते पान उघडतो. ही अस्वस्थता शास्त्रीय आहे असे मी म्हणतो, पण काल आरशात पाहताना तसे वाटले नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी आठ वाजता मामा आणि मामी ट्रॉली घेऊन आले. ट्रॉलीची फळी त्यांनी रंगवून घेतली आहे : आता काळ्यावर पिवळी अक्षरे आहेत आणि गल्लीच्या टोकापासून वाचता येतात. आल्याबरोबर मामांनी आचाऱ्याला फोन करून लाडवांची संख्या सांगितली, मांडववाल्याला रागावले, स्वरूपच्या वडिलांना “काय पण काळजी करू नका” म्हटले, क्षमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिने तो बराच वेळ खाली येऊ दिला नाही. आता ते हॉलमध्ये आपल्या गादीवर बसून शिरा खात आहेत.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर दोनदा गेलो. एकदा त्यांनी त्यावर वाटी ठेवली. दुसऱ्यांदा म्हणाले, “सन्म्या, आलोय की रं मी!” येणे आणि येणार असल्याचे कळवणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्यांना पटवता आले नाही. चौकट रिकामी ठेवून मी संकेतस्थळ बंद करू शकत नाही. सबब पुढील पत्र आईच्या हस्ते त्यांच्या हाती देत आहे.

प्रति,
श्री. बाळगोंडा आदगोंडा पाटील, संकेश्वर
(सध्या मुक्काम आमचा हॉल)

सप्रेम नमस्कार.

आपण सकाळपासून आमच्या घरी आहात, याची नोंद घेतली आहे. आपली गादी, उशी व तांब्या सुस्थितीत मिळाले. ट्रॉलीवरील अक्षरे आता निर्दोष आहेत; माझे नाव त्यावर असावे की नसावे याबद्दल मला कोणी विचारले नव्हते, पण विचारले असते तर मी हो म्हटले असते, हे या निमित्ताने कळवतो.

तथापि, रविवारच्या विवाहास आपण उपस्थित राहणार आहात किंवा नाही, याविषयी आपल्याकडून आजपर्यंत एकही अधिकृत उत्तर प्राप्त झालेले नाही. हॉलमध्ये बसणे, शिरा खाणे, लाडवांची संख्या सांगणे आणि क्षमाला रडवणे यांपैकी कोणतीही कृती उत्तर म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

कागद व पेन शिऱ्याच्या ताटाशेजारी ठेवले आहेत. आपण येणार किंवा कसे, ते आज सूर्यास्तापूर्वी लेखी कळवावे.

आपला भाचा,
डॉ. सन्मती